सीबीएस ते निमाणी: भीती एकेक थांबा कशी उतरवायची

"मला कॉन्फिडन्स यायला हवा" असं म्हणत क्लायंट येते. नव्या समुपदेशकाने हे वाक्य जसंच्या तसं उद्दिष्ट म्हणून लिहून घेऊ नये. "कॉन्फिडन्स आला, तर येत्या महिन्यात काय कराल?" असं विचारत राहावं. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला खरं उत्तर येतं: "सीबीएसहून निमाणीपर्यंत एकटी बसने जाईन." (सीबीएस आणि निमाणी ही नाशिकमधली दोन बसस्थानकं.) बसमध्ये छातीत धडधडून जीव घाबरा झाला, तेव्हापासून आठ महिने रिक्षाच चालू आहे. हे झालं काम करण्याजोगं उद्दिष्ट.

पहिलं सेशन ४५ ते ६० मिनिटांचं ठेवा. आपल्याकडे सोबत नवरा किंवा सासू आत येऊन बसतात. त्यांचं पाच-दहा मिनिटं ऐका, मग त्यांना बाहेर बसवा. इथलं बोलणं घरी कळणार नाही, फक्त जिवाला धोका वाटला तर अपवाद करावा लागेल, हे आधीच सांगा. थायरॉइड आणि ईसीजी झालंय का, हेही विचारा. धडधड मनाचीच आहे, असं तपासणीआधी ठरवू नये.

पुढची पायरी शिडीची. प्रवासातले प्रसंग सोप्याकडून अवघडाकडे लावून प्रत्येकाच्या भीतीला ० ते १०० गुण द्यायला लावा. थांब्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहणं २५, दुपारच्या रिकाम्या बसमध्ये एकच थांबा ४०, रविवार कारंजापर्यंत ५५, होळकर पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेली बस ८०, बुधवारच्या बाजाराच्या गर्दीत पूर्ण प्रवास ९५. गुण तिचे हवेत; तुम्हाला सोपी वाटणारी पायरी तिला डोंगर असू शकते. सुरुवात ३०-४०च्या आसपास करावी आणि आठवड्यातून चार-पाच वेळा सराव हवा. रविवारी एकदाच केलेल्या सरावाने फारसं हलत नाही.

प्रत्येक वेळी बसमध्ये चढण्याआधी तिने वहीत लिहायचं: "काय होईल असं वाटतंय? किती टक्के खात्री?" समजा लिहिलं, "चक्कर येऊन पडेन, ८० टक्के." उतरल्यावर खाली, "घाम आला, पाय थरथरले, पडले नाही." मनाला पटतं ते या दोन ओळींतल्या अंतरामुळे. तुमच्या समजावण्याने तेवढं पटत नाही. "काही होत नाही हो" हे तिला घरचेही रोज सांगतच असतात.

इथेच एक चोरवाट असते. पाण्याची बाटली घट्ट धरणं, दारापाशीच उभं राहणं, बहिणीला फोन लावून ठेवणं. प्रवास होतो, पण श्रेय बाटलीला जातं. म्हणून हे आधार एकेक करून काढायचे, सगळे एकदम नाही. पर्समधली डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र तुमच्या सांगण्यावरून बंद होता कामा नये. तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा.

होमवर्क झालं नाही की "वेळच मिळाला नाही" ऐकायला मिळतं. रागावू नका, पण तिथेच सोडूनही देऊ नका. पायरी फार उंच होती, नीट कळली नव्हती, की मुळात पटलीच नव्हती? बहुधा पायरीच उंच असते. मग ५५ वरून ४५ वर या. "मॅडमना वाईट वाटेल" म्हणून खोटी वही भरणारेही भेटतात. सगळेच आकडे गोल आणि अक्षर एका बैठकीतलं दिसलं, तर सरावाऐवजी आधी तुमच्या दोघींच्या नात्यावर बोला.

चौथ्या-पाचव्या सेशनला बरं वाटतं आणि क्लायंट यायची थांबते. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. अशा कामाला साधारण १२ सेशन्स धरा, शेवटची दोन-तीन पंधरा दिवसांच्या किंवा महिन्याच्या अंतराने. त्यांत एक पान तिच्याच शब्दांत लिहून घ्या: धडधड परत आली तर पहिल्या दिवशी काय करायचं, कोणत्या थांब्यापासून पुन्हा सुरू करायचं. ते पान वहीत न ठेवता बसच्या पासमागे ठेवायला सांगा.