वालाचं बिरडं मोठ्या प्रमाणात करून फ्रीजरला टाकताय? या चुका टाळा

दोन किलो कडवे वाल भिजवून, मोड आणून सोलायचे म्हणजे घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. एवढा घाट घातलाच आहे तर बिरडं जास्तीचं करून फ्रीजरला टाकावं, एखादा डबा कोपरखैरण्याला नणंदेकडे जावा, हे ओघानं येतंच.

पहिली गडबड प्रमाणात होते. वाल, कांदा, वाटण चौपट करा, पाणी मात्र नको. मोठ्या टोपात ते त्या मानाने कमी आटतं आणि डाळिंब्या, म्हणजे सोललेले वाल, रश्श्यात पोहत बसतात. तिपटीहून कमीच घ्या, लागलं तर वरून गरम घाला. मीठ-तिखटही आधी हात राखून. आणि टोप उचलून हलवणं जमत नाही म्हणून डाव घालून ढवळाल, तर बिरड्याचं पिठलं होईल. त्यापेक्षा सरळ दोन टोप चढवा.

गोठवायच्या डाळिंब्या पूर्ण शिजवू नका. चिमटीत दाबली की तुटावी, पण पीठ होऊ नये. उरलेलं काम पुन्हा गरम करताना होतं. नारळाचं दूधही तेव्हाच घाला. आधी घातलं तर वितळल्यावर फुटल्यासारखं दिसतं. खराब नसतं, पण पाहुण्यापुढे ठेववत नाही. बटाटा घालत असाल तर तोही तेव्हाच, गोठलेला बटाटा भुसभुशीत लागतो.

खरी काळजी निवण्याची. ठाण्याच्या दमट हवेत रात्रभर टोप ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी डबे भरायचे, हे अजिबात करू नका. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, आणि फ्रीजर त्यांना मारत नाही, नुसता थोपवतो. बिरडं परातींत पातळ पसरा, पंखा लावा, नाहीतर टोप सिंकमध्ये गार पाण्यात ठेवा. दोन तासांच्या आत डबे आत गेले पाहिजेत. वाफाळते डबेही ठेवू नका, शेजारचे मटार वितळायला लागतात.

काचेची बरणी काठोकाठ भरली तर तडकते, कारण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. बोटभर जागा सोडा. डबे एका जेवणापुरते, वर तारीख. उणे 18 अंशांवर दोन-तीन महिने चव टिकते.

वितळवायचं ते फ्रीजमध्ये, आदल्या रात्री काढून. पाणी सुटलं तर रस्सा निथळून वेगळा आटवा, मग डाळिंब्या त्यात सोडा. चव बसल्यासारखी वाटली तर वरून हिंगाची ताजी फोडणी.

वाटायचा डबा दगडासारखा गोठल्यावरच निघू दे, वर्तमानपत्रात गुंडाळून, पनवेल लोकलची गर्दी ओसरल्यावर. पोचल्यावर आत बर्फाचे कण असतील तर परत फ्रीजरला चालेल. पूर्ण वितळला पण अजून गार असेल, तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवायचा. कोमट लागला तर मात्र टाकून द्यायचा. हे नणंदेला फोनवर आधीच सांगून ठेवा, कारण डबा हातात पडल्यावर ती तो आहे तसा फ्रीजरमध्ये सरकवणार.