परदेशी सत्रं चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांना तयार कसं करायचं

विद्यार्थ्यांना सत्रभर परदेशी पाठवणाऱ्या विभागात नवा माणूस आला की त्याच्या हाती जाडजूड नियमावली दिली जाते आणि दोन दिवस भाषणं ऐकवली जातात. त्यातून तो अर्ज तपासायला शिकतो, पण रात्री दोन वाजता आलेला फोन कसा घ्यायचा हे शिकत नाही. म्हणून प्रशिक्षणाचा निम्म्याहून जास्त वेळ प्रत्यक्ष सरावाला द्या आणि हा सराव विद्यार्थ्यांचा गट निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी घ्या. शेवटच्या आठवड्यात सगळे तिकिटं आणि याद्यांत गुंतलेले असतात, कुणाचंच लक्ष नसतं.

सुरुवात कागदांपासून करा, पण तीही उदाहरणं सोडवून. युरोपातल्या शेंगेन क्षेत्राचा (एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) ९०/१८० दिवसांचा नियम, म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मुक्काम, यासाठी उत्तम आहे. विद्यार्थी डिसेंबरमध्ये त्याच क्षेत्रात ५ दिवस फिरून आला आणि त्याचं सत्र १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल आहे, तर अल्पमुदतीच्या व्हिसावर तो शेवटपर्यंत राहू शकेल का? नुसतं सत्र मोजलं तर ८९ दिवस भरतात आणि बरेच जण ‘हो’ म्हणून मोकळे होतात. पण राहण्याच्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस मोजायचे असतात, येण्याचा आणि जाण्याचा दिवसही त्यात धरायचा. या हिशेबानं लीप वर्ष नसेल तर २६ एप्रिललाच मुदत संपते. क्रेडिटचंही तसंच. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. यात घरचा अभ्यासही येतो. तो विसरून फक्त वर्गातले तास मोजले की घरच्या विद्यापीठाशी होणारी तुलना चुकते आणि परतल्यावर विद्यार्थ्याचं सत्र वाया जातं.

विम्याची पॉलिसी सर्वांनी मिळून मोठ्यानं वाचावी, माहितीपत्रक नव्हे. चार गोष्टी अधोरेखित करायला सांगा: रुग्णालयाला पैसे विमा कंपनी थेट देते की आधी विद्यार्थ्यानं भरायचे, दुचाकी, दारू, साहसी खेळ, आधीपासूनचे आजार यांबद्दल काय लिहिलंय, मानसिक आजारावरचे उपचार धरलेत का, आणि रुग्णाला दुसरीकडे हलवायचा निर्णय कोणाचा. हे शेवटचं कलम सर्वांत महाग पडतं. बहुतेक पॉलिसींत तो निर्णय कंपनीच्या मदतकेंद्राचा असतो, आणि रुग्णाला मायदेशी नव्हे तर जवळच्या योग्य रुग्णालयात नेलं जातं. घाबरून परस्पर हवाई रुग्णवाहिका मागवली तर खर्च नाकारला जाऊ शकतो.

औषधांची माहिती निवड झाल्यावरच मागा. निवडीआधी विचारली की नाव कापलं जाईल या भीतीनं विद्यार्थी लपवतात. आणि ही माहिती खरोखर लागते: एकाग्रतेच्या त्रासावरची ॲम्फेटामाइन असलेली गोळी जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाही.

आता मुख्य भाग, टेबलाभोवतीचा आपत्ती सराव. सहा ते आठ माणसं, एक संचालक (सराव चालवणारा), एक नोंद घेणारा, नव्वद मिनिटं. सोबत जाणारे प्राध्यापक त्यात हवेतच. संचालकानं आधीच चिठ्ठ्या लिहून ठेवाव्यात आणि दर दहा-बारा मिनिटांनी एक टेबलावर ठेवावी. पहिली: विद्यार्थिनीचा फोन, बसला अपघात, बोलता बोलता लाइन तुटली. दुसरी: रुग्णालय आगाऊ रक्कम मागतंय. तिसरी: एका पालकांचा फोन, समाजमाध्यमावर अपघाताचा फोटो पाहिला. चौथी: अठरापैकी सतराच जणांचा ठावठिकाणा लागला. पाचवी: प्राध्यापक स्वतः जखमी आहेत. संचालकानं सूचना द्यायची नाही, शांतता कितीही लांबली तरी.

पहिल्या चिठ्ठीसाठी दोघांना पाठीला पाठ लावून बसवा, म्हणजे चेहरा वाचून अंदाज बांधता येत नाही. प्रश्नांचा क्रम पक्का करून घ्या: तू आत्ता सुरक्षित आहेस का, नेमकी कुठे आहेस, सोबत कोण, परत कोणत्या नंबरवर फोन करू. ‘काय झालं?’ हा प्रश्न यांच्या नंतर. तो आधी विचारला तर हकिगत ऐकण्यातच वेळ जातो आणि फोन बंद पडतो तेव्हा हातात पत्ता नसतो.

या सरावात ठरावीक ठिकाणी गाडी अडते. संपर्कयादी संगणकावर असते आणि पासवर्ड एकालाच माहीत असतो. ती कागदावरही हवी, त्या देशाच्या तातडीच्या नंबरांसह (युरोपीय संघात ११२, जपानमध्ये रुग्णवाहिकेला ११९ आणि पोलिसांना ११०). एकच माणूस पालकांशीही बोलतो आणि रुग्णालयाशीही, मग दोन्हीकडे अर्धवट उत्तरं जातात. नोंदवहीत कोणी स्थानिक वेळ लिहितं, कोणी घरची. दोन्ही रकाने आखून ठेवा. आणि सज्ञान विद्यार्थ्याच्या तब्येतीबद्दल पालकांना किती सांगायचं, यावर हमखास वाद होतो. युरोपात आरोग्याची माहिती २०१८पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याखाली विशेष संरक्षित आहे, अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा फर्पा कायदा आरोग्य-सुरक्षेच्या तातडीत माहिती द्यायला मुभा देतो. आपल्याला लागू असलेला नियम आधीच विचारून यादीवर लिहून ठेवा. त्या रात्री वकील शोधत बसू नये.

सराव संपताच, चहालाही न उठता, अर्धा तास चर्चा करा. प्रत्येक त्रुटीसमोर एक नाव आणि एक तारीख. ‘विभाग बघेल’ असं लिहिलं तर कुणीच बघत नाही.

लैंगिक अत्याचाराची तक्रार कशी ऐकायची, याला वेगळं सत्र द्या. बोलणं सुरू होण्याआधीच गोपनीयतेच्या मर्यादा सांगायच्या. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊन नंतर मोडणं फार वाईट. पोलिसांत जायचं की नाही हे तिनं किंवा त्यानं ठरवायचं, पण एचआयव्ही टाळण्याचे उपचार ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावे लागतात, हे त्याच वेळी सांगायलाच हवं.

सांस्कृतिक धक्क्याच्या सत्रात अजूनही यू आकाराची वक्ररेषा फळ्यावर काढतात: आधी आनंद, मग उतार, मग सावरणं. तिचं मूळ नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांच्या १९५५च्या अभ्यासात आहे, पण नंतरच्या अभ्यासांत तिला मिळालेला आधार कमकुवत आहे. तिच्या भरवशावर ‘हा उताराचा काळ आहे, जाईल’ म्हणून कुणाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. झोप बिघडणं, तास चुकवणं, एकट्यानं जेवणं, घरी सतत फोन करणं ही चिन्हं टिपायला शिकवा.

बाहेरचं प्रशिक्षण हवं असेल तर अमेरिकेतली नाफ्सा (स्थापना १९४८), युरोपातली ईएआयई (१९८९) आणि अमेरिकेतलीच फोरम ऑन एज्युकेशन अब्रॉड (२००१) या आंतरराष्ट्रीय शिक्षणातल्या संस्था आहेत. फोरमची मानकं तपासणीयादी म्हणून वापरता येतात. तुमच्या विभागातल्या जुन्या प्रसंगांच्या फायली मात्र त्यांच्याकडे नसतात, आणि चिठ्ठ्या लिहायला त्याच लागतात.

रात्रीचा फोन नव्या माणसाकडे एकदम सोपवू नका. दोन पाळ्या अनुभवी सहकाऱ्यानं फोन घ्यावा आणि नव्यानं ऐकावं, पुढच्या दोन पाळ्यांत उलट. सहा आठवड्यांनी तोच आपत्ती सराव पुन्हा घ्या, पण त्या वेळी विभागप्रमुखांना खोलीबाहेर बसवा आणि त्यांचा फोन बंद ठेवा.