हातभर जाडीच्या भिंती आणि नवा वायफाय राउटर

बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, आगगाडीच्या डब्यासारखं लांबलचक. पुढे झोपाळ्याची खोली, मग माजघर, शेवटी स्वयंपाकघर, आणि मधल्या भिंती हातभर जाडीच्या. झोपाळ्यावर बसून बघितलं तर व्हिडिओ सुरळीत चालायचा, पण स्वयंपाकघरात आईच्या फोनवर ती चकती नुसती गरगरत राहायची. वर्षभर "नवा राउटर आण" ऐकल्यावर शेवटी आणला. काही चुका करून झाल्या, त्या तुम्ही करू नयेत म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

आधी दोष कुणाचा ते बघा

लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा. मग राउटरशेजारी उभं राहून वायफायवर करा, आणि मग शेवटच्या खोलीत जाऊन. केबलवरच वेग रडत असेल तर आधी इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन लावा. केबलवर ठीक पण शेजारी उभं राहूनही वायफाय मंद, तर राउटर म्हातारा झालाय. जवळ उत्तम आणि लांब बोंब असेल तर प्रश्न भिंतींचा आणि जागेचा आहे. अशा वेळी खिशात हात घालण्याआधी राउटर हलवून बघा. आमचा टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकून बसला होता. तो माजघराच्या दारासमोर, उंचावर ठेवला तेवढ्याने बराच फरक पडला. जाड भिंतीत लहरींना वाट मिळते ती दारातूनच.

खोक्यावर काय वाचायचं

आमची खरेदी मरीमातानो खांचोमध्ये, म्हणजे इथल्या मोबाइल-कॉम्प्युटरच्या बाजारात. चार शिंगांचा राउटर, "भाई, आ तो बहु फास्ट छे", आणि मी भुललो. घरी आल्यावर कळलं की त्याचे पोर्ट, म्हणजे केबल लावायची भोकं, १०० एमबीपीएसचे. प्लॅन २०० चा, आणि स्पीड टेस्ट ९४-९५ च्या पुढे जाईना. म्हणून अँटेना मोजू नका, पोर्ट बघा: सगळे गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) हवेत. आज घेताय तर वायफाय ६ आणि ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींवर चालणारा, घ्या. खोक्यावरचा १५०० किंवा ३००० हा आकडा दोन्ही बँडची कागदोपत्री बेरीज असते, तेवढा वेग हातातल्या फोनवर कधी दिसत नाही.

२.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीही त्यातल्या त्यात बऱ्या ओलांडते, पण तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण वाड्याच्या एका भिंतीतच दमते.

कंपनीचा डबा फेकू नका

फायबर असेल तर ज्या पांढऱ्या डब्यात ती बारीक तार जाते तो डबा तसाच राहतो. नवा राउटर त्याची जागा घेत नाही, त्याच्यापुढे जोडला जातो. त्या तारेत काच असते, तेव्हा ती करकचून वळवू नका आणि तिचं हिरवं टोक उगाच काढू नका. डब्याच्या लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टातून केबल काढून नव्या राउटरच्या वॅन (बाहेरून इंटरनेट आत घ्यायच्या) पोर्टात लावा. तो पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो.

आता कळीचा मुद्दा. डबा स्वतःही राउटरचं काम करत असेल तर एका घरात दोन कारभारी होतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायचा, म्हणजे तो फक्त वायफाय देतो, आणि डब्याचं वायफाय बंद करायचं. दुसरा उपाय, कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये करून घ्यायचा, म्हणजे राउटरचं काम नवा राउटरच करतो. पण मग पीपीपीओई लॉगिन (कंपनीच्या जाळ्यात शिरायचं खातं) असेल तर त्याचं युजरनेम आणि पासवर्ड नव्या राउटरमध्ये घालावा लागतो, आणि तो जुनी जोडणी मोडायच्या आधीच मागून ठेवावा. आमच्याकडे हा पासवर्ड मिळवण्यात दोन दिवस आणि पाच फोन गेले.

सेटिंग

आधी डबा सुरू करा, दिवे स्थिर होऊ द्या, मग राउटर. राउटरच्या स्टिकरवर छापलेल्या वायफायच्या नावाला फोन जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर ब्राउझरमध्ये सेटिंगचं पान उघडत नाही आणि माणूस राउटरला शिव्या देत बसतो. त्या पानाचा पत्ता स्टिकरवरच असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. सगळ्यात आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला.

मग खरी युक्ती: वायफायचं नाव आणि पासवर्ड जुन्यासारखाच ठेवा, अक्षर न् अक्षर, कॅपिटल-स्मॉलसकट. टीव्ही, कॅमेरा, बाबांचा टॅब, सगळं बहुधा आपोआप जोडलं जातं, घरभर फिरावं लागत नाही. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए (वायफायचं कुलूप) २ आणि ३ एकत्र असलेला पर्याय निवडा. नुसता ३ ठेवलात तर जुना प्रिंटर रुसतो. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा असेल तो, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. फर्मवेअरचं (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट असेल तर करून घ्या, फक्त मध्येच वीज जाणार नाही अशा वेळी.

शेवटची खोली

एवढं करूनही स्वयंपाकघर कोरडंच राहिलं तर रिपीटर, म्हणजे आलेलं वायफाय पुढे ढकलणारं यंत्र, घेऊ नका. साधा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो. केबल ओढा आणि जुना राउटर कामाला लावा: त्याचा पत्ता नव्या राउटरपेक्षा वेगळा करा, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, वायफायचं नाव तेच ठेवा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा, वॅनमध्ये नाही.

आमच्या भिंतीला भोक पाडायला इलेक्ट्रिशियन आला, तर त्याचा ड्रिलचा बिट अर्ध्या भिंतीतच संपला. शेवटी केबल दाराच्या चौकटीवरच्या फटीतून नेली आणि जुना राउटर डाळींच्या डब्यांशेजारी फळीवर बसवला. आता आई पोहे परतताना कीर्तन लावते, आणि आवाज झोपाळ्यापर्यंत येतो.