घराण्यातल्या मर्दानी खेळाचा इतिहास कसा लिहून काढावा

सुरुवात कागदापासून करू नका. घरात पट्टा (हात झाकणाऱ्या मुठीची लांब तलवार), लाठी, विटा (दोर बांधलेला भाला), बोथाटी (बोथट टोकाचा भाला) फिरवलेलं सर्वांत वयस्कर माणूस कोण, ते आधी शोधा. दफ्तरातले कागद आणखी पन्नास वर्षं थांबतील, त्यांचे हात थांबणार नाहीत.

खुर्चीत बसवून विचारलं तर चार वाक्यं मिळतात. हातात लाठी दिली की पवित्रा आपोआप पडतो, आणि त्याबरोबर तालमीतली बोली, वस्तादांच्या शिव्या, कोणता हात (म्हणजे शस्त्र फिरवण्याची रीत) कुणाकडून आला हे सगळं बाहेर येतं. म्हणून मुलाखत अंगणात किंवा तालमीच्या हौद्याजवळ घ्या, आणि एका वेळी एकाशीच बोला. चार भाऊबंद एकत्र बसले की थोरला बोलतो, बाकीचे मान डोलावतात, आणि चार साक्षींऐवजी एकच हाती लागते. लग्न होऊन गेलेल्या आत्यांना मात्र विसरू नका. अंगणात रोज काय चालायचं, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

‘कितव्या साली शिकलात?’ असा प्रश्न विचारू नका, साल सहसा चुकतंच. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा पट्टा हातात आला होता का, बहात्तरच्या दुष्काळात तालीम चालू होती का, असं विचारा. आधी की नंतर एवढं जरी कळलं तरी तारखेचा अंदाज बराच जवळ येतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वंशावळ वेगळी आणि वस्तादांची साखळी वेगळी. दोन्ही एकाच कागदावर काढल्या की इतिहास बिघडतो, कारण खेळ नेहमी बापाकडून मुलाकडेच येतो असं नाही. तो मामाकडून येतो, चुलत्याकडून येतो, पेठेतल्या तालमीच्या वस्तादांकडून येतो. म्हणून प्रत्येक माणसाचं वेगळं पान करा: काय शिकला, कुणाकडून, कुठे, साधारण किती वर्षं, आणि पुढे कुणाला दिलं. मग शस्त्रागणिक वेगळी साखळी काढा. लाठी वडिलांची आणि पट्टा बाहेरच्या वस्तादांचा, असं निघालं तर तसंच लिहा. त्या वस्तादांचं नाव गाळलं, तर ज्यांच्यामुळे घरात पट्टा टिकला त्यांनाच आपण पुसून टाकतो.

चित्रीकरणाआधी जमिनीवर फक्कीने दोन-दोन फुटांचे चौकोन आखा आणि पूर्व दिशेची खूण करा. पावलं किती पडली, शरीर किती वळलं, हे नंतर या चौकोनांवरूनच मोजता येतं. एक कॅमेरा समोर, दुसरा गच्चीवरून किंवा माडीवरून खाली रोखलेला. वरचा नसेल तर पावलांचा नकाशा हाती लागत नाही, आणि पट्ट्यात निम्मी विद्या पावलांत असते. प्रत्येक हात तीनदा घ्या: सावकाश, पूर्ण वेगात, आणि समोर जोडीदार उभा करून. सावकाश करताना अंगाचा भार वेगळ्या पायावर पडतो, म्हणून तेवढ्यावर विसंबलं तर चुकीचा पवित्रा नोंदला जातो. जोडीदार उभा राहिला की प्रदर्शनासाठी वाढवलेले हात कोणते आणि खरे वार कोणते, ते लगेच कळतं. हलगी वाजत असेल तर तिचा आवाज नीट येऊ द्या, कारण हातांची लय तिच्यावर चाललेली असते.

वारांची नावं जशी कानावर पडतात तशीच लिहा, शुद्ध करत बसू नका. शीर, तमाचा, बाहेरा ही नावं अनेक तालमींत आहेत, पण नाव तेच आणि वार निराळा असं घडू शकतं. म्हणून प्रत्येक नावापुढे रेघोट्यांची आकृती हवी. गेल्या शतकात बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशातली नावं आणि क्रम यांच्याशीही पडताळा. सगळं शब्दशः जुळलं, तर तो भाग छापील पुस्तकातून किंवा व्यायामशाळेच्या कवायतीतून आला असण्याची शक्यता धरा.

घरातल्या जुन्या पट्ट्याला चिंच, लिंबू, राख, पॉलिश पेपर काहीही लावू नका. पात्यावरचे ठसे, अक्षरं आणि मुठीवरचं नक्षीकाम एका घासणीत जातं, आणि गेलेलं परत येत नाही. सुती कोरड्या फडक्याने धूळ पुसा, पातळ तेलाचा अगदी हलका हात फिरवा, बस. मग मापं घ्या: एकूण लांबी, खोबळ्याच्या (हात झाकणाऱ्या लोखंडी मुठीच्या) तोंडापासून टोकापर्यंत पात्याची लांबी, बुडाशी, मध्ये आणि टोकाशी रुंदी, त्याच तीन ठिकाणी जाडी, आणि वजन. घडवलेलं पातं टोकाकडे पातळ होत जातं. जाडी सगळीकडे सारखी भरली तर ते गिरणीच्या पत्र्यातून कापलेलं, म्हणजे अलीकडचं असू शकतं. पातं आणि खोबळा जोडणारे रिबिट भिंगातून पाहा. शेजारी रिकामी भोकं किंवा वेगळ्या धातूचा रिबिट दिसला, तर पातं नंतर बदललेलं असण्याचा संभव असतो. दोघांचं वय वेगवेगळं नोंदवा. लवचिकपणा दाखवायला जुनं पातं कधीही वाकवू नका, ते रिबिटांपाशीच तडकतं.

मग कागद. घरातल्या सनदा आणि पत्रं मोडीत असतील, तर मोडी वाचणाऱ्याकडून आधी जसंच्या तसं लिप्यंतर करून घ्या, अर्थ मागाहून. पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात ‘मर्दानी खेळ’ या शब्दाने शोधून फारसं मिळणार नाही. गाव, इनाम आणि माणसाचं नाव धरून जा. पटाईत (पट्टा चालवणारा), विटेकरी (विटा चालवणारा), धारकरी (तलवारीचा शिपाई) असा उल्लेख सापडला तर त्यातून चाकरी कळते. आजचा हात त्यांचाच आहे, हे त्याने सिद्ध होत नाही. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे (इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रजी मंडळापुढे) दिलेल्या कैफियतींत वंशावळी मिळतात, मात्र त्या इनाम राखण्यासाठी दिलेल्या असल्याने दुसरा पुरावा जोडीला हवा. अलीकडच्या पिढ्यांसाठी गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची नोंदवही) आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा. हेळव्यांच्या (घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्यांच्या) आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहा.

तारखांची फोड इथेच चुकते. जुन्या कागदांतल्या सालाचं इसवी सन काढायला शालिवाहन शकात ७८, सुहूर सनात (अरबी अंकनामांनी लिहिलेलं साल) ५९९ आणि दख्खनी फसलीत (महसुली साल) ५९० मिळवा. पानिपतच्या लढाईचं उदाहरण घ्या: शके १६८२, सुहूर इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे ११६१, फसली ११७०. तिन्हींची बेरीज १७६० येते, पण लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. शक चैत्रात आणि इतर दोन्ही मृगाला बदलतात, म्हणून जानेवारीपासून ते साल बदलेपर्यंतच्या महिन्यांना एक वर्ष वाढवावं लागतं. महिना न पाहता नुसतं साल फोडलं की वर्षाची चूक ठरलेली.

वंशावळीलाही साधं गणित लावा. घराणं शिवराज्याभिषेकाच्या काळापासून सांगत असेल, तर १६७४ पासून आजवर सुमारे साडेतीनशे वर्षं झाली. पिढी पंचवीस ते तीस वर्षांची धरली तर बारा-चौदा नावं हवीत. सातच असतील, तर मधली नावं गळाली आहेत किंवा वरचं टोक जोडलेलं आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे एकाच नावाची दोन माणसंही एक होऊन बसतात, म्हणून प्रत्येक नावापुढे बापाचं नाव आणि गाव लिहा.

मधल्या काळात पट्टा नाही आणि लाठी, फरी-गदकाच (चामड्याची ढाल आणि लाकडी काठी) आहे असं दिसलं, तर लगेच ‘विद्या बुडाली’ असं लिहू नका. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर शस्त्रांना परवाना लागू लागला, तेव्हा लाकडावर आणि चामड्यावर सराव करणं हाच अनेकांना मार्ग होता. त्या काळातले लाठीचे हात पट्ट्याच्या हातांशी जोडीने लावून पाहा. मनगटाचं वळण तेच निघालं, तर ते दोन्ही चित्रफितींच्या वेळेसह नोंदवा.

लिहिताना प्रत्येक विधानापुढे एक खूण करा: ‘पा’ म्हणजे सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलं, ‘ऐ’ म्हणजे ऐकलेलं, ‘का’ म्हणजे कागदावरचं. कच्चा मसुदा सांगणाऱ्यांना वाचून दाखवा. ते जिथे अडवतील तिथे मूळ वाक्य खोडू नका, दुरुस्ती तारखेसह खाली लिहा. चित्रफिती आणि लिप्यंतरांच्या तीन प्रती करा: एक घरात, एक भाऊबंदांपैकी दुसऱ्या गावात राहणाऱ्याकडे, आणि एक वस्तादांच्या तालमीत.