ग्रीक-रोमन क्लासिक्स घेऊन बीए करायचंय? मग अभ्यास असा करा

बारावीचा निकाल लागला की दोन-तीन मुलांचे तरी मेसेज येतात, ताई तुम्ही इंग्लंडला जाऊन ते ग्रीक-रोमन शिकलात ना, ते नक्की काय असतं, मला इतिहास आवडतो पण ग्रीकचं अक्षरही येत नाही, मग मला जमेल का. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहिते. मी नाशिकची, संस्कृत फक्त शाळेत होतं, लॅटिनचा गंधही नव्हता, आणि तरी जमलं. पण अभ्यास कसा करायचा हे कळायला माझं अख्खं पहिलं वर्ष गेलं, तुमचं तेवढं जाऊ नये.

आधी कोर्सच्या नावांचा घोळ. तिकडे 'क्लासिक्स' म्हटलं की प्राचीन ग्रीस-रोमचा अभ्यास, ग्रीक आणि लॅटिन दोन्ही भाषा (निदान एक तरी) शिकून मूळ ग्रंथ वाचायचे. 'क्लासिकल स्टडीज' किंवा 'क्लासिकल सिव्हिलायझेशन' म्हणजे तोच काळ, तेच ग्रंथ, पण बहुतेक भाषांतरातून, भाषा घ्यायची की नाही ते तुमच्यावर. 'एन्शंट हिस्टरी'त भर इतिहासावर, आणि आर्किऑलॉजीची वाट आणखी वेगळी. ऑक्सफर्डचा क्लासिक्सचा कोर्स चार वर्षांचा आहे, त्याचं नाव अजूनही 'लिटरे ह्युमॅनिओरेस' असंच आहे, आणि दोन्ही भाषा न आलेल्या मुलांसाठीही त्यात सोय आहे. केंब्रिजला लॅटिन येत नसेल तर चार वर्षांचा कोर्स, त्यातलं पहिलं वर्ष मुख्यतः लॅटिन पक्कं करायचं. या दोन्हींपैकी एका वर्षी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, आणि त्याची मुदत १५ ऑक्टोबर असते, म्हणजे पुढच्या वर्षी जायचं तर बारावी सुरू असतानाच सगळं आवरायला लागतं. बाकी आपली बारावी थेट चालते का, की मध्ये फाउंडेशनचं, म्हणजे पदवीआधीच्या तयारीचं वर्ष करायला लागतं, हे प्रत्येक युनिव्हर्सिटीत वेगळं असतं, त्यामुळे एजंटला विचारत बसू नका, ॲडमिशन ऑफिसला सरळ मेल करा, ते उत्तर देतात.

माझं मत विचाराल तर भाषा घ्याच. दोन्ही नाही झेपल्या तर एक घ्या, पण घ्या. भाषांतरातून शिकणाऱ्यांना मी कमी लेखत नाही, माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी भाषा न घेताच शिकली. पण मूळ ओळ स्वतः वाचता आली की भाषांतर करणाऱ्याने कुठे काय निवडलं ते दिसायला लागतं, आणि या विषयाचा अर्धा अभ्यास तोच आहे.

आता भाषेचा अभ्यास. इथे आपल्याकडे एक मोठी शिदोरी असते आणि आपल्याला ती माहीतच नसते. ग्रीक लिपीत २४ अक्षरं आहेत, एका शनिवार-रविवारात होतात. माझ्या वर्गातली इंग्लिश मुलं ताउ आणि थीटा, पी आणि फी, काप्पा आणि खी यात सतत गोंधळायची, कारण त्यांना त आणि थ हे वेगळे आवाज म्हणून ऐकूच येत नाहीत. आपल्याला येतात! प्राचीन अथेन्समध्ये थीटा म्हणजे आपला थ, खी म्हणजे ख, आणि फी म्हणजे ओठ मिटून म्हटलेला, फळातला फ. मी वहीत तीन जोड्या लिहिल्या, त-थ, प-फ, क-ख, आणि स्पेलिंगच्या चुका तिथेच थांबल्या. आईचं, आजीचं, गल्लीतल्या सगळ्यांचं नाव ग्रीक अक्षरांत लिहून बघा, हात बसतो.

दुसरी शिदोरी विभक्तीची. संस्कृत तीनच वर्षं आणि मार्कांसाठी घेतलं असेल तरी 'रामः रामौ रामाः' ज्याने म्हटलंय त्याला शब्द चालवणे म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. संस्कृतमध्ये संबोधन धरून आठ, लॅटिनमध्ये सहा, ग्रीकमध्ये पाच. मग बाकीच्या गेल्या कुठे, तर त्या एकमेकींत मिसळल्या. लॅटिनच्या ॲब्लेटिव्ह नावाच्या विभक्तीमध्ये आपली पंचमी, तृतीया आणि बरीचशी सप्तमी एकत्र आली, म्हणून 'ने', 'पासून' आणि 'मध्ये' हे तिन्ही अर्थ एकाच रूपातून निघतात. ग्रीकमध्ये पंचमी षष्ठीत गेली, आणि तृतीया-सप्तमी चतुर्थीत. हे कळलं तेव्हा ॲब्लेटिव्हच्या उपयोगांची लांबलचक यादी पाठ करायची गरजच उरली नाही. ग्रीकची मिडल व्हॉइस बघून वर्ग घाबरला होता, मला आत्मनेपद आठवलं. ग्रीक महाकवी होमरमध्ये द्विवचनही भेटतं. 'भरामि'ला ग्रीकमध्ये 'फेरो', लॅटिनमध्येही 'फेरो', भूतकाळात आपण सुरुवातीला अ लावून 'अभरम्' म्हणतो, ते ए लावून 'एफेरॉन' म्हणतात. 'ददर्श' आणि त्याचं ग्रीक भावंड 'देदॉर्का' शेजारी शेजारी लिहून बघा, अंगावर काटा येतो की नाही सांगा.

पण याच्या भरवशावर राहू नका. संस्कृतमुळे दार लवकर उघडतं, घर आपल्यालाच लावावं लागतं. रोज पाऊण तास भाषा, रविवारीही. आठवड्यात एकदा पाच तास बसून काही होत नाही, हे मी करून बघितलंय. रोज दहा नवे शब्द, कार्डावर किंवा अँकी ॲपवर, आणि क्रियापद असेल तर त्याची सगळी मूळ रूपं एकदम, म्हणजे 'फेरो, फेर्रे, तुली, लातुम' असं चारही मोठ्याने म्हणायचं, नाहीतर परीक्षेत 'तुली' समोर आलं की ते कुठलं हे आठवत नाही. मोठ्याने म्हणणं महत्त्वाचं आहे. पाढे आपल्याला तसेच तर आलेत.

मूळ ग्रंथ वाचताना लोएबची छोटी पुस्तकं हाताशी लागतील, ग्रीकची हिरवी, लॅटिनची लाल, डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी. उजवं पान कोऱ्या कागदाने झाका, डावीकडचं वाक्य आधी स्वतः फोडा, क्रियापद कुठे, कर्ता कुठे, कोणाची विभक्ती कोणाशी जुळते, आणि मगच कागद सरकवा. पर्सियस नावाची फुकट वेबसाइट आहे, त्यात शब्दावर क्लिक केलं की रूप आणि अर्थ दोन्ही येतात, फार कामाची आहे, पण प्रत्येक शब्दावर क्लिक करत गेलात तर अख्खं पान वाचून होतं आणि डोक्यात काही राहत नाही. आधी रूप ओळखायचा अंदाज वहीत लिहा, मग क्लिक करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला फटका बसून कळलं. पहिल्या टर्मला मला कॅनीच्या लढाईवर निबंध होता, इ.स.पू. २१६, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्य घेरून कापून काढलं ती. मी लायब्ररीतून आधुनिक इतिहासकारांची सहा पुस्तकं आणली, रात्री जागून नोट्स काढल्या, छान इंग्रजीत निबंध लिहिला. ट्यूटरने परत देताना एकच प्रश्न विचारला, तू लिव्ही (जुना रोमन इतिहासकार) वाचलास का. नव्हता वाचला. लिव्ही काय म्हणतो हे इतरांनी काय लिहिलंय तेवढंच वाचलं होतं. त्यांनी निबंध बाजूला ठेवला आणि म्हणाले, आधी पॉलिबियस (हा ग्रीक इतिहासकार) आणि लिव्ही शेजारी ठेवून वाच, मग ये.

तर हे असं करायचं. पॉलिबियसच्या तिसऱ्या पुस्तकाचं ११७ वं प्रकरण उघडा, तो म्हणतो पायदळाचे सुमारे ७०,००० मेले. लिव्हीच्या २२ व्या पुस्तकाचं ४९ वं प्रकरण उघडा, तिथे पायदळ ४५,५०० आणि घोडदळ २,७००. एवढा फरक? लगेच कोण खरं हे ठरवू नका, वहीत दोन रकाने आखा आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा, हा कोण, कधी लिहितोय, कोणासाठी लिहितोय, याला हे कुठून कळलं. पॉलिबियसचा जन्म लढाईनंतर थोड्याच वर्षांनी झाला, म्हणजे तो काळाने जवळचा, लिव्ही रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातला, दोनशे वर्षांनंतरचा. मग पॉलिबियस बरोबर? थांबा. त्याचीच बेरीज करून बघा, ७०,००० मेले, १०,००० पकडले, ३,००० निसटले, झाले ८३,०००, आणि चारच प्रकरणं आधी त्याने पायदळ सुमारे ८०,००० सांगितलंय. शिवाय तो ओलीस म्हणून रोमला आला आणि रोमन सेनापती स्किपिओ एमिलिआनसच्या घरचा माणूस झाला, आणि कॅनीला पडलेला कॉन्सल (रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) पॉलस हा त्याच एमिलिआनसचा सख्खा आजोबा. मग दोन कॉन्सलपैकी दोष दुसऱ्याच्या, वारोच्या डोक्यावर का आलाय, हा प्रश्न आपोआप पडतो. हे सगळं कोणत्याही आधुनिक पुस्तकाशिवाय, दोन प्रकरणं नीट वाचून आणि लेखकाची थोडी माहिती काढून मिळतं. आधुनिक पुस्तकं त्यानंतर उघडा, तेव्हा तुम्ही त्यांच्याशी वाद घालू शकता, आधी उघडलीत तर फक्त माना डोलावता.

अजून एक गोष्ट कायम डोक्यात असू द्या, आपल्यापर्यंत आलंय ते फार थोडं आहे. लिव्हीने १४२ पुस्तकं लिहिली, ३५ उरली. ग्रीक कवयित्री साफोच्या कवितांमधली जवळपास एकच पूर्ण मिळते. त्यामुळे 'ग्रीक लोकांना असं वाटायचं' असं वाक्य लिहिण्याआधी विचारा, कुठल्या ग्रीकांना, आणि कोणी सांगितलं, कारण बहुतेक सांगणारे शिकलेले सवर्ण-श्रीमंत म्हणावेत तसे पुरुषच आहेत.

संदर्भ द्यायची पद्धत पहिल्या आठवड्यातच शिकून घ्या. पान नंबर द्यायचा नाही, पुस्तक आणि प्रकरण द्यायचं, अथेन्सच्या साथीचं वर्णन म्हणजे ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस २.४७ ते ५४, मग कोणाकडे कुठलीही आवृत्ती असो, तीच जागा सापडते. प्लेटोचे नंबर वेगळे असतात, ते १५७८ च्या छापील आवृत्तीच्या पानांवरून आलेत.

ग्रंथांत न सापडणारी माणसं वस्तूंमध्ये सापडतात, म्हणून एक तरी पेपर शिलालेख, नाणी किंवा उत्खननाचा घ्याच. ब्रिटिश म्युझियम फुकट आहे, तिथे विंडोलँडाची पत्रं बघा. उत्तर इंग्लंडमधल्या रोमन छावणीत सापडलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, पोस्टकार्डाएवढ्या, त्यावर शाईने लिहिलेलं. त्यातलं २९१ नंबरचं पत्र साधारण इ.स. १०० चं, एका अधिकाऱ्याच्या बायकोने, क्लॉडिया सेव्हेराने मैत्रिणीला, लेपिडिनाला लिहिलेलं, ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, नक्की ये. वरचा मजकूर लेखनिकाने नीट वळणदार लिहिलाय, आणि खाली उजवीकडे अक्षर बदलतं, जरा अडखळत लिहिलेलं, ते सेव्हेराचं स्वतःचं. मी तुझी वाट बघेन ताई, येते ताई, माझ्या जिवा, असं काहीसं. बाईच्या हातचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं लॅटिन लिखाण यात धरतात. 'सोरोर' हा तिचा शब्द, म्हणजे बहीण, आणि तो आपल्या संस्कृत 'स्वसृ'चाच सख्खा. त्या चार ओळी मला भाषांतराशिवाय वाचता आल्या तेव्हा मी काचेसमोर रडले होते, आणि पहिल्या वर्षाची सगळी घोकंपट्टी वसूल झाली असं वाटलं.

आणि आपल्याकडचं विसरू नका, प्रबंधाचा विषय शोधताना तर नाहीच. लहानपणापासून पांडवलेणी चढले, पण १७ नंबरचं लेणं धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त या यवनाने (ग्रीकांना तेव्हा यवन म्हणत) दिलंय, तो उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा, हे मला परदेशात दुसऱ्या वर्षी कळलं. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची नावं आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात कांस्याचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, निघाला, तो तिथल्याच म्युझियममध्ये आहे. आणि पेरिप्लस हा पहिल्या शतकातला ग्रीक मजकूर तर भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांवर असं सांगतो, कल्याण आणि सोपारा ही बंदरं नावाने देतो. त्याचं ग्रीक सोपं आहे, व्यापाऱ्याचं आहे, दुसऱ्या वर्षात वाचता येतं.

परीक्षेबद्दल एवढंच, न पाहिलेल्या उताऱ्याच्या भाषांतराची तयारी आदल्या महिन्यात होत नाही. रोज घड्याळ लावून दहा ओळी, डिक्शनरी बंद. अडलेला शब्द सोडून पुढे जा, उतारा संपल्यावर मागे या, बरेचदा चौथ्या ओळीत पहिल्या ओळीची किल्ली असते.

ज्यांचा कोर्स सप्टेंबरमध्ये सुरू होतोय त्यांनी आता उन्हाळ्यात होमरचं ओडिसी हे महाकाव्य एखाद्या चांगल्या भाषांतरात सलग वाचून काढा, नोट्स न काढता, आणि भूमध्य समुद्राचा नकाशा भिंतीवर लावा. जुनी संस्कृतची वही माळ्यावर असेल तर ती बॅगेत टाका, जागा फार लागत नाही.