चिमणीचा पाइप आणायला जाताय? आधी तोंड मोजा

स्वयंपाकघरातल्या चिमणीचा पाइप मृग लागायच्या आत बदलून टाका. पाऊस सुरू झाल्यावर भिंतीचं भोक उघडं ठेवता येत नाही. आणि दुकानात जायच्या आधी चिमणीचं तोंड, म्हणजे पाइप जिथे बसतो ते गोल तोंड, मोजा.

मागच्या उन्हाळ्यात मी ते मोजलं नाही. मिस्त्रीने भिंतीत 4 इंची पीव्हीसीचा तुकडा बसवला होता, तोच पाहून हिंगणघाटहून 4 इंची पाइप आणला. चिमणीचं तोंड निघालं 6 इंची. पुन्हा 30 किलोमीटर कोण जाईल म्हणून टेप गुंडाळून आवळून बसवला. 4 इंचाच्या गोलाची जागा 6 इंचाच्या निम्मीसुद्धा नसते, धूर जाणार कुठून? मिरचीची फोडणी पडली की घरभर ठसका. आई पदर नाकाला लावून ओसरीत जाऊन बसायची. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

म्हणून मोजा. मोजायचा टेप नसेल तर तोंडाभोवती दोरा गुंडाळा: दोरा 19 इंचांच्या आसपास भरला तर 6 इंची, पावणेसोळा भरला तर 5 इंची. कागदावर लिहून खिशात टाका. दुकानदार ‘सगळ्यांना हाच बसते’ म्हणेल, ऐकू नका. भिंतीचं भोकही मोजा. लहान असेल तर पाइप आणायच्या आधी मिस्त्रीला बोलवा. पाइप बारीक आणून भागवू नका.

यादीत पुढे: अॅल्युमिनियमचा पाइप, दोन क्लॅम्प, अॅल्युमिनियमचाच टेप (साधा टेप उष्णतेने सुटतो), बाहेर लावायची झडपेची जाळी. हातमोजे घ्याच, पत्र्याची धार बोट कापते.

बाहेरचं काम सकाळी आठच्या आत उरका, मे महिन्यात दुपारी शिडीवर चढायचं नाही. मेन स्विच बंद. ओट्यावर खताचं रिकामं पोतं अंथरा, जुना पाइप काढताना काळं तेल गळतं. नवा पाइप ताणून लावा. चुण्या राहिल्या की तेल तिथेच साचतं. वळणं दोनच्या वर नकोत.

भिंतीमागे पऱ्हाट्या, तुराट्या रचल्या असतील तर आधी हलवा. आजच हलवा. तेलकट पाइपाने पेट घेतला तर ठिणगी थेट त्यांच्यावर पडेल.

मग क्लॅम्प, टेप, भोकाभोवती सिमेंट. झडप बोटाने हलवून पाहा, टेपमध्ये अडकलेली नको. चिमणी चालू करून फिल्टरला कागद लावा, चिकटून राहिला की झालं. मोजमापाची चिठ्ठी मीटरच्या पेटीजवळ अडकवून ठेवा, पुढच्या वेळी लागेल.