स्प्लेंडरवरून बुलेटवर आलात? मग गाडी थांबवायला शिका

मी अकरा वर्षं स्प्लेंडर चालवली. अंबाजोगाई-लातूर, अंबाजोगाई-परळी, मागं युरियाची ४५ किलोची गोणी टाकून शेतात, पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यानं सुद्धा, पण कधी पाडली नाही. मग बुलेट, म्हणजे रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेतली आन् पहिल्याच आठवड्यात दोनदा आडवी केली. दोन्ही टायमाला स्पीड किती होता? जवळजवळ झिरो. हायवेला ऐंशीनं एकदम मस्त चालायची, पडली ती घरासमोर वळवताना आन् पेट्रोल पंपावर थांबताना.

हिशोब बघा, स्प्लेंडर साधारण ११२ किलो, क्लासिक १९५. म्हणजे ८० किलोच्या वर फरक, एक धडधाकट माणूस कायमचा जास्तीचा. गाडी पळत असताना हे वजन कळतच नाही, चाकं फिरतायत तोपर्यंत ती स्वतःला सांभाळते. वजन खरं अंगावर येतं ते थांबायच्या आधीच्या दोन मीटरात, आन् आपण स्प्लेंडरवाले नेमके तिथंच कधी लक्ष देत नाही, कारण स्प्लेंडर कलली तर पायानं धरून ठेवता येते. ही नाही राहत. एका हद्दीपुढं कलली की सोडून द्या, पाय काढून घ्या. मी धरायला गेलो, गाडी तर पडलीच, वर पिंढरी सायलेन्सरला भाजली, महिनाभर पट्टी बांधून हिंडलो.

माझं पहिलं पडणं असं झालं. गल्लीत गाडी वळवत होतो, हँडल पूर्ण उजवीकडं, समोरून शेळी आली, मी क्लच पूर्ण दाबला आन् पुढचा ब्रेक कचकन मारला. झालं, जिकडं हँडल तिकडं गाडी. म्हणून पहिला नियम, हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचाच नाही, मागचा ब्रेक वापरा. शेवटची दोन बोटं सुद्धा लिव्हरवर ठेवू नका, घाबरल्यावर ती आपोआप आवळली जातात.

दुसरं, वळताना क्लच पूर्ण दाबू नका. इंजिनची ओढ चाकाला मिळत असली की गाडी तोल धरून राहते, ओढ तुटली की पडायला लागते. हाफ क्लचवर ठेवायची, थोडी रेस कायम आन् स्पीड जास्त वाटला तर मागचा ब्रेक हलकासा दाबून धरायचा. रेस आन् ब्रेक एकाच टायमाला, ऐकायला येड्यासारखं वाटतं पण करून बघा, गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं दोरीत जाते. वळताना बंद पडून पडणारे लई असतात, त्यांचं कारण हेच, रेस सोडली आन् क्लच सुटला. नजर पण महत्त्वाची. पुढच्या चाकाकडं बघितलं की पाय खाली टेकायचाच. जिकडं जायचंय तिकडं मान पूर्ण वळवून बघा.

हे सगळं शिकायला ट्रॅफिकमधे जाऊ नका. मोंढा (धान्याचा बाजार) बंद असतो त्या दिवशी सकाळी तिथं जा, चार विटा ठेवा आन् लायसनच्या वेळी काढला होता तसा आठ काढा. आधी मोठा, मग बारीक. मी पाच-सहा सकाळ काढला, पहिल्या दिवशी चहावाला हसत होता, नंतर त्यानंच विटा उचलून जवळ जवळ ठेवायला सुरुवात केली.

आता थांबणं. हँडल सरळ, गाडी सरळ, मगच थांबायचं, आन् पाय टेकायच्या आधी खाली काय आहे ते बघायचं. पंपावर मी हेच विसरलो, डावा पाय टेकला तो सांडलेल्या डिझेलवर, बूट सटकला, मागं बायको बसलेली. ती उडी मारून बाजूला झाली म्हणून तिला लागलं नाही, पण सासरवाडीत किस्सा अजून चालू आहे. तर मागं बसणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, तुम्ही "बसा" म्हटल्याशिवाय चढायचं नाही, "उतरा" म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. साडी नेसून एका बाजूला बसणारं माणूस असलं तर वजन तिकडं जातं, तेवढं ध्यानात ठेवूनच पाय टेका. धारूरच्या घाटात उसाच्या ट्रकमागं चढावर थांबायची वेळ आली तर उजवा पाय मागच्या ब्रेकवरच, डावा एकटा खाली, नाहीतर गाडी मागं सरकते.

पार्किंग करताना उतारावर तोंड खाली करून लावू नका, १९५ किलो उलटं वर ओढायला दोन पोरं बोलवावी लागतात. साईड स्टँड काळ्या मातीत रुततो, आन् मे महिन्यात मऊ झालेल्या डांबरात सुद्धा, दुपारी उभी केलेली गाडी चारला आडवी सापडते. मी डिक्कीत एक चपटी फरशीची कपची ठेवतो, स्टँडखाली टाकायला.

आन् पडलीच तर? पहिलं हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटन दाबा, मग चावी बंद. पेट्रोल गळत असलं तर बिडीवाल्याला लांब पाठवा. गाडी गिअरमधे टाका म्हणजे उचलताना घरंगळत नाही. उजव्या बाजूला पडली असली तर साईड स्टँड आधीच बाहेर पाडून ठेवा, नाहीतर उचलायच्या नादात पलीकडं पडते, हे पण मी बघितलंय. मग वाकून हातानं ओढायचं नाही, कंबर जाईल. हँडल जमिनीकडं पूर्ण वळवा, गाडीकडं पाठ करा, सीटच्या कडेला बूड टेकवा, एका हातात खालची मूठ, दुसऱ्या हातात मागचा दांडा, पाठ सरळ, आन् पायाच्या जोरावर बारकी बारकी पावलं मागं टाकत जा. लेग गार्ड असला तर गाडी पूर्ण झोपत नाही, निम्मं काम सोपं होतं, म्हणून तो आधी बसवा, बाकी चकचकीत सामान नंतर.

उभी झाली की लगेच सेल्फ मारत बसू नका, पाच मिनिटं थांबा, तेवढ्यात ब्रेकचं पायडल आन् क्लचची लिव्हर बघा. लिव्हर वाकली असली आन् बोटं पोचत असली तर तशीच घरी न्या, रस्त्यात सरळ करायला गेलात तर टक्कन तुटते. माझी तशीच तुटली होती.